जुळे सोलापुरातील स्मरणशक्ती वर्ग : आठ रविवार आणि साडेचार हजार रुपये

मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवते. माझा भाचा बार्शीहून येऊन आमच्याकडे राहतो आणि राज्यसेवेची तयारी करतो. त्याच्या अभ्यासिकेबाहेर लागलेल्या फलकावर ‘आठ रविवारांत स्मरणशक्ती दुप्पट’ असे वाचून आम्ही दोघांनी एप्रिल-मे महिन्यांत जुळे सोलापुरातील एका वर्गात नाव घातले. शुल्क माणशी साडेचार हजार रुपये आणि वेळ सकाळी आठ ते दहा. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि एखाद्या संस्थेला गाठणे हा या लेखनाचा हेतू नाही. अशा ठिकाणी पैसे भरण्यापूर्वी नेमके काय पाहावे, हे सांगावेसे वाटले.

पहिल्या रविवारी प्रशिक्षकांनी छत्री, लिंबू, कुलूप, घागर असे वीस शब्द सावकाश वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे क्रमाने लिहायला सांगितले. मला आठ जमले, भाच्याला अकरा. त्यानंतर तासभर त्यांनी एकच युक्ती शिकवली : आपल्या ओळखीची एक जागा मनात आणायची, तिच्यातून ठरलेल्या क्रमाने चालत जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक वस्तू, शक्यतो विचित्र अवस्थेत, ठेवून द्यायची. आठवण्याची वेळ आली की पुन्हा त्याच वाटेने चालायचे आणि ठेवलेले उचलायचे. दुसऱ्या वीस शब्दांच्या वेळी माझे एकोणीस आले, भाच्याचे वीसही आले, आणि ते त्याने उलट क्रमानेही म्हणून दाखवले. यात हातचलाखी काहीही नव्हती, हे मी आधीच सांगते, कारण पुढचे टीकेचे परिच्छेद वाचून युक्तीच खोटी आहे असा समज व्हायला नको.

युक्तीचे जनक म्हणून प्रशिक्षकांनी चाणक्याचे नाव घेतले, ते मात्र बरोबर नाही. ही कथा सिमोनिडीस या ग्रीक कवीची आहे, आणि रोमन वक्ता सिसेरो याने ती सांगितली आहे. मेजवानीतून सिमोनिडीस क्षणभर बाहेर गेला असता सभागृहाचे छत कोसळले. प्रेते ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठे बसले होते हे आठवून त्याने प्रत्येकाची ओळख पटवली, आणि जागेला धरून ठेवलेली गोष्ट सहसा निसटत नाही, हे त्यातून त्याच्या ध्यानात आले. इतिहास शिकवण्याची सवय असल्यामुळे मी मध्यंतरात हे प्रशिक्षकांना सांगितले. त्यांनी ते हसून मान्य केले, आणि पुढच्या रविवारी नव्याने आलेल्या दोघांना पुन्हा चाणक्यच सांगितला.

खरी अडचण दुसऱ्या रविवारी सुरू झाली. वर्गाच्या पुस्तिकेत एका घराचे तयार चित्र छापलेले होते आणि त्यातल्या दहा जागा सर्वांनी पाठ करायच्या होत्या : सोफा, दूरदर्शन संच, जेवणाचे टेबल, बाथटब, गच्चीवरचा झोपाळा. पूर्व भागातल्या, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या एका मुलीने अगदी सरळपणे विचारले की तिने बाथटब कधी पाहिलेलाच नाही, तर त्यात राज्यघटनेचे कलम ठेवायचे कसे. वर्ग हसला, पण प्रश्न अचूक होता. या युक्तीची सारी ताकद वाट पायाखालची असण्यात आहे. दुसऱ्याच्या घरातून चालायचे ठरवले, तर आधी ते घरच पाठ करावे लागते आणि ओझे कमी होण्याऐवजी वाढते.

म्हणून त्या आठवड्यात मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि स्वतःची वाट आखली. सिद्धेश्वर मंदिराचे प्रवेशद्वार, यात्रेत अक्षता पडतात तो संमती कट्टा, तलावाचा काठ, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, पार्क मैदान, चार हुतात्म्यांचे पुतळे, नवी पेठ आणि बाळीवेस, असे आठ टप्पे झाले. त्यांवर मी शिवछत्रपतींचे अष्टप्रधान मंडळ बसवले, कारण नववी-दहावीतली मुलेही यातले सुमंत आणि सचिव हमखास उलटसुलट करतात. प्रवेशद्वारात पंतप्रधान चपला सांभाळत बसले. संमती कट्ट्यावर अमात्य अक्षतांचा दाणा न् दाणा मोजून जमाखर्चात लिहू लागले. सचिवांनी सगळी राजपत्रे तलावात धुवायला काढली आणि पाणी शाईने निळे झाले. परराज्यांचा कारभार पाहणारे सुमंत चार पुतळ्यांपाशी एका परदेशी वकिलाला रिक्षाचे भाडे समजावून सांगत होते, आणि नवी पेठेत साडीच्या भावावरून चाललेल्या घासाघिशीचा निवाडा न्यायाधीश देत होते. या वाटेवर मी एक चूक केली होती. सेनापतींना मी किल्ल्याच्या तटावर उभे केले, कारण तीच त्यांची जागा वाटली. तीन दिवसांनी पाहते तो बाकीचे सात जण जागच्या जागी, आणि तटावर नुसताच तट. तटावर सेनापती असणे इतके स्वाभाविक आहे की मनाने त्याची नोंदच घेतली नाही. मग मी त्यांना जिरेटोपासह पार्क मैदानावर क्रिकेटच्या यष्ट्यांमागे उभे केले आणि मैदानावरच्या मंत्र्यांना तटावर पाठवले. तेव्हापासून सेनापती कुठे हलले नाहीत. आठ रविवारांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी धडा हाच होता आणि तो पुस्तिकेत नव्हता.

दुसरी अडचण अशी की एकाच वाटेवर लागोपाठ दोन-तीन याद्या ठेवल्या की आधीच्या याद्यांमधल्या वस्तू मध्येच डोकावू लागतात. वाटा पुष्कळ हव्यात. प्रशिक्षकांचे उत्तर होते की प्रगत वर्गात आणखी पाच घरांची चित्रे मिळतील, शुल्क वेगळे. सोलापूरच्या माणसाला यासाठी पैसे मोजायला लावणे मला विनोदी वाटले. सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापन केली, आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी जानेवारीत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. त्यांनी वर्षानुवर्षे त्या मिरवणुकीबरोबर पायी वाट चालली आहे. त्यांना लिंगांची यादी विचारली तर ते नुसती नावे सांगत नाहीत, ते वाट सांगतात : इथून वळायचे, इथे थांबायचे, इथे तेल घालायचे. मध्ये कोणी बोलले तर एक लिंग मागे जाऊन पुन्हा सुरुवात करतात. अडुसष्ट टप्प्यांची तयार वाट ज्या गावाला आयती मिळाली आहे, तिथे छापील बाथटब शिकवला जातो.

आता ‘स्मरणशक्ती दुप्पट’ या शब्दांविषयी. या दाव्याला अगदीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. मार्टिन ड्रेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी असा कोणताही सराव नसलेल्या लोकांना चाळीस दिवस रोज अर्धा तास हीच जागांची युक्ती शिकवली गेली. ७२ शब्दांच्या यादीतले तीसच्या आत शब्द आठवणारी ही माणसे सरावानंतर सरासरी साठच्या वर पोहोचली, आणि चार महिन्यांनीही त्यातला बराचसा लाभ टिकून होता. म्हणजे शब्दांच्या याद्यांपुरते दुप्पट होते, हे खरे. पण वाढते ती त्या कामातली हातोटी, स्मरणशक्ती नावाची काही सर्वसाधारण शक्ती वाढत नाही. १९८० साली अमेरिकेत एका विद्यार्थ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सुमारे वीस महिन्यांच्या सरावानंतर एकदा ऐकलेले ७९ अंक तो क्रमाने म्हणू लागला, कारण धावण्याच्या शर्यतींची त्याला आवड होती आणि अंकांचे गट तो शर्यतींतल्या वेळा समजून लक्षात ठेवी. त्यालाच अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा गाडी पुन्हा सहा अक्षरांवर आली. फलक लावणाऱ्यांनी हे दोन्ही प्रयोग एकत्र सांगायला हवेत. आमच्या वर्गात यांपैकी एकही सांगितला गेला नाही. त्याऐवजी माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे सपशेल चुकीचे विधान तीन वेळा ऐकायला मिळाले.

तिसरा आणि चौथा रविवार अंकांसाठी होता. प्रत्येक अंकाला एक व्यंजन द्यायचे, त्या व्यंजनांचा शब्द करायचा आणि शब्दाचे चित्र करायचे, ही पद्धत उत्तम आहे. पण मिळालेला तक्ता इंग्रजी उच्चारांवर बेतलेला होता, आणि शंभर संख्यांसाठी दिलेले शंभर तयार शब्दही इंग्रजीच होते. मराठी माध्यमातल्या मुलांना आधी तो शब्द, मग त्याचा अर्थ आणि मग चित्र, असा तिहेरी प्रवास करावा लागत होता. आपल्याकडे याच कामासाठी कटपयादी पद्धत शेकडो वर्षे वापरात आहे. क, ट, प, य यांची किंमत १. ख, ठ, फ, र यांची २. ग, ड, ब, ल यांची ३. याच क्रमाने पुढे जायचे आणि ञ, न म्हणजे शून्य. काना-मात्रा मोजायच्या नाहीत. परंपरेत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून ‘जय’ या शब्दातून ८ आणि १ निघून त्याचे १८ होतात, आणि ‘जय’ हे जुने नाव असलेल्या महाभारताची पर्वेही अठराच आहेत. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे जनक रागांची, नावेही अशीच रचलेली आहेत : ‘मायामाळवगौळ’मधले म आणि य म्हणजे ५ आणि १, म्हणून तो पंधरावा मेळ.

भाच्याने आणि मी परंपरेला थोडा फाटा देऊन डावीकडून उजवीकडे वाचायचे ठरवले आणि राज्यघटनेच्या कलमांसाठी शब्द शोधत बसलो. हा खेळ इतका रंगला की एका रात्री जेवणे साडेदहाला झाली. ३५६ म्हणजे ग-ण-त, अर्थात ‘गणित’ : बहुमताचे गणित बिघडले की राष्ट्रपती राजवट. ३२४ म्हणजे ग-र-व, ‘गौरव’ : निवडणूक आयोगाच्या दारात विजयी उमेदवाराचा हारतुऱ्यांनी गौरव. २८० म्हणजे र-ज-न, ‘रजनी’ : मध्यरात्री कंदील लावून राज्यांच्या वाट्याची नाणी मोजणारा वित्त आयोग. २१ म्हणजे र-प, ‘रोप’ : जीविताचा हक्क मागणारे, फरशीच्या भेगेतून डोके वर काढलेले रोप. ही चित्रे आम्हीच ओढूनताणून काढली आणि म्हणूनच ती टिकली, असे मला वाटते. शोधण्यात जो वेळ जातो तोच पाठांतराचा वेळ असतो, आणि तयार शब्द विकत घेतला की तो वेळ वाचतो व पाठांतरही वाचते.

आद्याक्षरांच्या युक्तीला वर्गाने एक अख्खा रविवार दिला, तेवढी तिची योग्यता नाही. ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत इंद्रधनुष्याचे रंग आणि ‘यमाताराजभानसलगं’ म्हणत वृत्तांचे गण आपण शाळेतच शिकलो आहोत. मर्यादाही लगेच दिसते. भाच्याने सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची आद्याक्षरे जुळवून एक ओळ केली, आणि चार दिवसांनी स्वयंपाकघरात येऊन विचारले, “मावशी, यातला दुसरा ‘मा’ कोणता गं?” एक माढा, एक माळशिरस. आद्याक्षर तुम्हाला दारापर्यंत नेते, पण घरात कोण राहते हे ठाऊक असावे लागते.

नावे आणि चेहरे यांच्या सत्रातून मला शिक्षिका म्हणून खरोखर काही मिळाले. आमच्या एकेका तुकडीत साठच्या आसपास मुले असतात आणि हजेरीपटावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांची आडनावे शेजारीशेजारी बसतात. आडनावाच्या ध्वनीतून चित्र काढून ते चेहऱ्यावरच्या एखाद्या खुणेला जोडायचे, ही युक्ती. पुस्तिकेतली उदाहरणे शर्मा आणि वर्मा यांच्यापलीकडे जात नव्हती. ‘चिप्पा’ या आडनावापाशी मी अडले, तेव्हा त्याच पूर्व भागातल्या मुलीने सांगितले की तेलुगूत चिप्पा म्हणजे नारळाची करवंटी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्या आडनावाच्या विद्यार्थ्याच्या हातात मी मनोमन एक करवंटी दिली. पहिल्या आठवड्यात बेचाळीस नावे बिनचूक आली, हा माझा अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतला उच्चांक आहे. साडेचार हजारांतले निदान एक हजार रुपये या सत्राचे होते, असे मी मानते.

सहाव्या रविवारी मात्र मन विटले. सत्राच्या शेवटी स्मरणशक्ती वाढवणाऱ्या चूर्णाची पाकिटे निघाली, किंमत बाराशे रुपये, आणि ‘सरावाच्या जोडीला हे घेतले नाही तर पूर्ण परिणाम दिसणार नाही’ असे पालकांच्या देखत सांगण्यात आले. पस्तीस जणांच्या वर्गात नऊ-दहा पाकिटे खपली. त्यांतले काही पालक यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यावर घर चालवणारे होते. ज्या सकाळी कोणतेही चूर्ण न घेता आम्ही वीसपैकी एकोणीस-वीस शब्द आठवून दाखवले होते, ती सकाळ प्रशिक्षक तरी विसरायला नको होती.

वर्गात जे शिकवलेच गेले नाही, त्याची उणीव मला अधिक जाणवली. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेले आधी फार वेगाने आणि मग हळूहळू विसरले जाते. त्यावरचा उपाय म्हणजे अंतराअंतराने केलेली उजळणी, आणि तीही पुस्तक मिटून. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवण्याचा सराव केलेले विद्यार्थी त्यांना मागे टाकून गेले. वर्गात प्रत्येक चाचणी त्याच सकाळी होत असे, त्यामुळे प्रत्येक वेळी निकाल देखणा दिसे. मागच्या रविवारची यादी पुढच्या रविवारी एकदाही विचारली गेली नाही. आमच्या आजीच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे संध्याकाळी दिवा लावल्यावर रोज म्हणायला लावत. वेदपाठी लोक संहितेच्या सरळ पाठावर समाधान न मानता जटापाठात पहिले पद-दुसरे पद, दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे असे उलटसुलट म्हणत. त्यात एकही चित्र नव्हते, उजळणी मात्र चुकत नसे.

सोयींबद्दल थोडक्यात : खोली स्वच्छ होती, पिण्याचे पाणी थंड होते, दोन कूलरपैकी एकच चालत असे आणि मे महिन्यात दहा वाजेपर्यंत बसणे कठीण होई. प्रशिक्षक वेळेवर येत आणि कोणाला कमी लेखत नसत. बोलणे मराठी-हिंदी मिश्र, पण समजेल असे. चुकलेला रविवार भरून देण्याचे आश्वासन आमच्या बाबतीत पाळले गेले.

भाच्याने ऑगस्टमध्ये स्वतःची परीक्षा घेतली. बसवलेल्या साठ कलमांपैकी त्रेपन्न क्रमांक आणि विषय त्याला आठवले. तेव्हा मी त्याला ३५६ विषयी एकच प्रश्न विचारला : राज्य सरकारचे बहुमत कोठे सिद्ध व्हावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात काय म्हटले? गणित बिघडल्याचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर लख्ख उभे राहिले, पण विधानसभेचे सभागृह त्या चित्रात नव्हते. त्याने निकालाचा सारांश काढून वाचला, दोन दिवसांनी पुस्तक मिटून मला समजावून सांगितला आणि मगच त्या गणितापुढे एक सभागृह उभे केले.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने किंवा शिक्षकाने यांतले पहिले चार रविवार आणि नावांचे सत्र घ्यावे. एवढ्याचेच शुल्क भरण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे, कारण आम्ही विचारले नाही. पुस्तिकेतले घर आणि शंभर शब्द वापरू नयेत, चूर्ण घेऊ नये. दहावीच्या मुलाला समजून घ्यायचे विषय जड जात असतील तर या वर्गाचा त्याला उपयोग नाही. प्रगत वर्गासाठी फोन आला होता. आम्ही नाव घातलेले नाही. जानेवारीत यात्रेच्या पहिल्या दिवशी शेजारच्या आजोबांबरोबर नंदीध्वजांच्या मागे चालायचे ठरले आहे, आणि भाच्याने त्यासाठी एक कोरी वही घेऊन ठेवली आहे.